ओळखता का?

पासपोर्टच्या चौकशीसाठी मी सकाळी पोलीस ठाण्यात गेलो, तर तिथल्या बाकावर आमच्या शेजारच्या सुलभाताई बसलेल्या. त्या दिवशी गावात मंत्री येणार होते. नदीकाठची झाडं तोडू नयेत म्हणून सुलभाताई त्यांना निवेदन देणार होत्या. तेवढ्यासाठी त्यांना घरून आणून, दौरा संपेपर्यंत इथे बसवून ठेवलं होतं.

मी काही बोलणार, तोच त्यांनी मान फिरवली आणि त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मला क्षणभर वाईट वाटलं. मग उमगलं, माझा अर्ज टेबलावर होता, तो अडकू नये म्हणून त्या मला ओळख दाखवत नव्हत्या.

हवालदाराने कागद चाळत सहज विचारलं, "या बाई तुमच्याच गल्लीतल्या ना? ओळखता?"

ज्यांच्याकडे माझ्या घराची किल्ली असते, त्यांना ओळखतो म्हणायला मी कचरलो. कुणी धमकावलं नव्हतं, साधा आवाजही चढवला नव्हता. भीतीला हल्ली त्याची गरजच पडत नाही. आपण आपणहून गप्प बसतो आणि तिचं काम होऊन जातं.

"ओळखतो," मी म्हणालो. "त्या निवेदनावर माझीही सही आहे."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग बसा तुम्हीपण."

सुलभाताईंनी पदर आवरून जागा करून दिली. "कशाला बोललात?" त्या पुटपुटल्या. मी त्यांच्या शेजारी बसलो. बाहेर सायरन वाजवत मंत्र्यांचा ताफा आला, ठाण्यावरून पुढे गेला, आणि आम्ही दोघं तो आवाज विरेपर्यंत ऐकत बसलो.