पाहुण्यांसमोर सांगितलेलं घराचं वय

अड्याळ बाजूच्या एका घराचं प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. खून नाही, दरोडा नाही, स्टेशन डायरीत जेमतेम पानभर नोंद. नोकरीतले मोठमोठे तपास आता धूसर झाले, पण ती बाई आणि तिचं घर लख्ख आठवतं. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी साताऱ्याकडचा, भंडारा जिल्ह्यात नवीनच फौजदार म्हणून आलो होतो. ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हटलं की क्षणभर गोंधळणारा साहेब, म्हणून आमचे जमादार माझ्या पाठीमागे मनसोक्त हसत. कवेलूंच्या छपराचं ठाणं, आवारात चिंच, चारच्या सुमारास सगळ्यांचा एकत्र चहा. तसे सुखाचे दिवस पुन्हा आले नाहीत.

जवळच्या एका गावात तलावाची पाळ वाढवायची होती आणि पायथ्याची घरं सरकार घेणार होतं. घरांची किंमत ठरवायला एक तरुण इंजिनिअर आला. त्याची पद्धत सरळ होती. तसंच घर आज बांधायला काय खर्च येईल ते काढायचं आणि घर जितकं जुनं, तितका त्यातून घसारा वजा करायचा. घर जुनं निघालं की मोबदला कमी. आकड्यांची यादी गावात लागली आणि गाव पेटलं. शेजारशेजारची दोन घरं, सारख्याच आकाराची. एकाला भरपूर, दुसऱ्याला निम्म्याहून कमी.

बाजारातल्या आमच्या खबऱ्यानं, एका चहावाल्यानं, ठाण्यात येऊन सांगितलं, “साहेब, लवकर चाला. त्या इंजिनेरले चावडीत कोंडून ठेवलं. लोकं लय तापून राहिले.”

आम्ही गेलो, समजूत घालून त्याला बाहेर काढलं. पोरगं घामानं भिजलं होतं. ज्याला मोबदला कमी मिळाला तो म्हातारा शेतकरी मात्र फिर्याद दिल्याशिवाय हटेना. “मी याले वीस वर्सं सांगतलं. यानं ऐंशी लिवलं. शेजाऱ्यानं याचा हात ओला केला.”

ठाण्यात इंजिनिअरला समोर बसवलं. चोर किती बोलतो आणि निर्दोष माणूस किती चाचरतो, हे नव्या फौजदाराला कळत नाही. मलाही नीटसं कळत नव्हतं. तो एकच सांगत होता, “सर, त्यांनीच पणजोबांच्या काळातलं सांगितलं. खांबही तसेच होते, जुने, नक्षीचे. म्हणून मी मानलं.” गुन्हा दाखल झाला असता तर निलंबन ठरलेलं. घरी तो एकटा कमावता होता. मी पेनाचं टोपण पुन्हा लावलं.

शेवटी विचारलं, “तो हे बोलला तेव्हा तिथं आणखी कोण होतं?”

त्यानं डोकं खाजवलं. “सपरीत पाहुणे बसले होते. एकोडी गावचे. मुलगी बघायला आले होते बहुतेक.”

तिथं माझी ट्यूब पेटली. एव्हाना या भागात मी एवढं शिकलो होतो, की पाहुण्यांसमोर घराचं वय विचारणं म्हणजे घराण्याचं वय विचारणं. सोयरिकीच्या बैठकीत, सपरीत म्हणजे पुढच्या ओसरीवर बसून, ‘घर परवाचं आहे’ असं कोणता बाप सांगेल?

पंचनाम्याला म्हणून मी त्या घरी गेलो. खांब खरंच जुने होते, पण भिंती ठणठणीत होत्या. म्हाताऱ्याला बाजूला घेऊन म्हणालो, “बाबा, एकोडीच्या पाहुण्यांचा जबाब घ्यावा लागेल.”

त्याचा चेहरा पडला. “त्यायले नोका बलावू साहेब. सोयरीक तुटन.”

“मग खरं सांगा.”

त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. आणि आतून त्याची बायको आली. डोक्यावर पदर, हाताला पीठ.

“मी सांगतो साहेब. ह्यायनं पाहुण्यायसमोर पणज्याचं घर म्हणून सांगतलं. मी चहा घेऊन उभी होती.”

“तू चूप राय!” म्हातारा ओरडला.

“आजवर चूपच रायली. त्या पोराच्या पोटावर पाय देऊन माह्या पोरीचं लगन नाही करत मी.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “पणज्याची इथं झोपडी होती, साहेब. हे तुमसरकडं खाणीवर मजुरीले गेलते. मी अन् माह्या भावानं एका पडक्या घराचे खांब आणले. तलावातली माती मी डोक्यावर वायली, पायानं तुडवली. ही पोरगी तवा पोटात होती. हिचं जेवढं वय, तेवढं घराचं. पाहुण्यायलेबी मीच सांगन.”

म्हातारा खांबाकडे पाठ करून बसला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. खाणीतली मजुरी लपवायला त्यानं पणजोबा उभा केला होता, आणि त्या पणजोबाखाली बायकोचे कष्ट गाडले गेले होते.

त्यानं जबाब फिरवला. फिर्याद उरली नाही. इंजिनिअरनं पुन्हा मोजमाप करून घसारा कमी केला. मग काय, बाकीचं गावही भराभर तरुण होऊ लागलं. ज्यांची घरं आजोबांनी बांधली होती, ती आता स्वतःच्या लग्नानंतरची निघाली. बिचारा पोरगा आठवडाभर भिंती ठोकून बघत फिरत होता.

बाई बोलल्याप्रमाणे एकोडीला जाऊन आली. मुलाच्या बापानं तिला आधी बसायला पाट दिला म्हणे. मग म्हणाला, “जिच्या मायनं पोटुशी असून घर उभं केलं, तिची पोरगी आमच्या घरी येते. अजून का पायजे?”

पुढच्या नोकरीत मी पुष्कळ जबाब घेतले. माणूस कशासाठी खोटं बोलतो हे शोधताना मी आधी लोभाकडे पाहत असे. त्या दिवसापासून आधी लाजेकडे पाहू लागलो. आणि घरातली जी व्यक्ती चहा देऊन आत जाते, तिला विचारल्याशिवाय तपास पूर्ण झाला असं मी कधी मानलं नाही.

लग्नाला आम्हा ठाणेवाल्यांना बोलावणं होतं. मांडव त्याच दारात होता. पावसाळ्याआधी घर पाडायचं ठरलेलं होतं. पंगतीत वरातीतल्या एका बुजुर्गानं खांबांकडे पाहून विचारलं, “घर कोनं बांधलं, बावा?”

माझा घास हातातच राहिला.

म्हातारा वाढता वाढता थांबला. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, “बायकोनं. मी खाणीत होतो.”

पलीकडे ती भात वाढत होती. तिनं वर पाहिलं नाही. पण ज्याच्या पानात ती वाढत होती, तो “पुरे, पुरे माय” म्हणत राहिला आणि ती वाढतच राहिली.