वन्संच्या आरशाजवळचा दिवा

माझी नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडत होत्या. लोखंडी फ्रेमच्या मागे उभं राहायचं, तारांच्या जंजाळातून हवी ती तार उचलायची आणि ती पुढच्या बाजूला कुठे निघते हे न बघता सांगायचं, यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कचेरीत त्यांना 'जोडणीबाई' म्हणत. लग्न केलं नाही. "गावभर लोकांच्या जोडण्या करता करता माझीच राहून गेली," असं स्वतःच सांगून हसायच्या. आमचे हे गेल्यावर त्या माझ्याकडे राहायला आल्या, आपली छोटी करडी गाडी घेऊन. मला गाडी येत नाही. त्यामुळे दवाखाना, वाचनालय, बाजार, मैत्रिणी, माझं सगळं जग त्या गाडीच्या चार चाकांवर होतं.

मग वन्संची मान धरली. मणक्यांची झीज, डॉक्टर म्हणाले. मान पुढे-मागे व्हायची, पण बाजूला वळेना. कोणी हाक मारली की त्या कपाटासारख्या अख्ख्या वळायच्या. चेष्टा केली की म्हणायच्या, "ताठ मानेनं जगले, आता भोगते आहे."

एकदा उजवीकडे गाडी घेताना, आरशात न दिसणाऱ्या जागेतून एक मोटारसायकलवाला आला. धक्का लागला, तो पडला. सुदैवाने खरचटण्यावर निभावलं. तो उठून कपडे झटकत निघूनही गेला, पण वन्संचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

माझ्या मुलाला कळलं तेव्हा तो वर्मावर बोट ठेवून बोलला. "आत्या, चावी माझ्याकडे दे. उद्या कोणी मेलं तर काय करशील?"

"मान वळत नाही, पण हात चालतात ना?" वन्सं म्हणाल्या. "मी यंत्र बसवते. मागून कोणी आलं की आरशाजवळ दिवा लागतो, ते."

"गॅरेजमध्ये दे."

"परक्याने जोडलेल्या तारेवर मी माझा जीव टाकू?"

शेवटी ठरलं: यंत्र बसवायचं, रविवारी तो येऊन विचारणार, आणि काही कमी-जास्त झालं असेल तर चावी त्याची.

खोक्यात मागच्या बंपरमध्ये बसवायचे दोन सेन्सर होते, सगळ्या तारा जिथे जुळतात ती एक चपटी डबी होती, दोन छोटे दिवे होते आणि तारांचं वेटोळं होतं. माहितीपुस्तिका इंग्रजीत. "तू कॉन्व्हेंटवाली, तूच वाच," म्हणून ती माझ्या हातात आली. पानापानावर इशारे. आधी बॅटरीची ऋण तार काढा. पिवळ्या वेष्टनातल्या तारांना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या आहेत.

वन्संनी मागचा बंपर उतरवला. गाडी दात काढलेल्या माणसासारखी दिसू लागली. त्यांनी मागे उभं राहून दोन्ही सेन्सर बसवले, दोन्ही तारांना चिकटपट्टी लावून त्यावर 'डा' आणि 'उ' लिहिलं. तारा डिकीच्या रबरी बुचातून आत घेतल्या, दरवाजाखालच्या पट्टीतून ओढत पुढे आणल्या. शेवटी त्या स्टिअरिंगखाली उताण्या झोपल्या आणि मी टॉर्च धरला. त्यांच्या बोटांपासून टीचभर अंतरावर ती पिवळी तार होती.

"वहिनी, दिवा धरलायस की भूकंप झालाय?"

"पिवळीला लागेल हो हात!"

"लागला तर फुगा फुटेल. आपण वाढदिवस करू."

मला हसू आलं नाही.

सगळं जोडून झाल्यावर पुस्तिकेत पाहून मी म्हटलं, "एकेक बाजू वेगळी तपासा, असं लिहिलंय." वन्सं आत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मागून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाल." मी चालले. आतून आवाज आला, "हा लागला! तोही लागला! झालं." त्यांचं लक्ष दिव्यांवर होतं; मी नेमकी कुठल्या बाजूला होते ते त्यांनी पाहिलंच नाही. मान कुठे वळत होती?

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मी त्यांच्या डाव्या हाताला. मोठ्या रस्त्यावर पुढे एक टेम्पो बंद पडून उभा होता. वन्संनी उजवीकडे वळण्याचा दिवा दिला, आरशात पाहिलं. आरसा मोकळा. उजवीकडचा नवा दिवा विझलेला. त्या गाडी बाहेर घेऊ लागल्या.

तेवढ्यात माझ्या बाजूचा दिवा लागला. मी सवयीने डावीकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं. नुसतं मोकळं मैदान, कुत्रंही नाही. मग हा दिवा कोणासाठी लागलाय? मी उजवीकडे पाहिलं तर वन्संच्या खिडकीमागे बसचं चाक फिरत होतं, आमच्या खिडकीएवढ्या उंचीचं.

"थांबा! वन्सं, थांबा!"

ब्रेक लागला. बस भोंगा वाजवत आमच्या आरशाला वाऱ्याने हलवून गेली. टेम्पोच्या मागे आम्ही दोघी बसून राहिलो. वन्सं त्या विझलेल्या दिव्याकडे बघत होत्या.

"मी त्याच्यावर विश्वास टाकला," त्या म्हणाल्या. "मोटारसायकलच्या वेळी निदान भीती तरी होती गं."

घरी परतताना मी त्यांची मान झाले. दर वळणाला मागे वळून "मोकळं" किंवा "थांबा" म्हणायचं. तो रस्ता संपता संपेना.

घरी आल्यावर त्या गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात उचलले, फ्रेमच्या मागे उचलत असतील तसे, आणि तसेच थांबले.

"वहिनी, फ्रेमच्या मागे उभं राहिलं की आपल्या डाव्या हाताची तार पुढे उजवीकडे निघते. मागे उभं राहिलं की उलट लिहायचं, हे माझ्या हाडात बसलंय. इथेही मी मागे उभी होते. हातांनी आपोआप उलट लिहिलं." मग हळूच म्हणाल्या, "पण गाडीच्या मागे उभं राहिलं तरी डावं ते डावंच असतं. मी आणि गाडी, दोघींची तोंडं एकाच दिशेला."

चपट्या डबीतल्या दोन टोकांची अदलाबदल करायला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

रविवारी मुलगा आला. "काय आत्या, जमलं?"

मी वन्संकडे पाहिलं. होय म्हटलं असतं तर गाडी राहिली असती. वन्संनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बस, मैदान, उलटी अक्षरं, सगळं सांगून टाकलं आणि चावी त्याच्यापुढे ठेवली. "ठरलं होतं तसं. घे."

त्याने चावी उचलली. "तू सांगितलं नसतंस तर मला कळलंच नसतं," म्हणाला.

"म्हणून तर सांगितलं."

त्याने चावी वन्संना दिली नाही. माझ्या हातात ठेवली. "आई, ही तुझ्याकडे. दर वेळी आधी तू एका बाजूला उभं राहायचंस. दिवा कुठला लागला हे आत्याने ओरडून सांगायचं. मग दुसरी बाजू. एकही चुकलं तर मला फोन."

"म्हणजे आता हिची परवानगी!" वन्सं म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

आज दवाखान्यात जायचं होतं. मी चावी वन्संना दिली, त्यांनी गाडी सुरू केली आणि मी मागे डाव्या कोपऱ्याला जाऊन उभी राहिले. आतून आवाज आला, "डावा! झालं, चल, बस लवकर."

मी बसले नाही. वळसा घालून उजव्या कोपऱ्याला गेले आणि तिथे उभी राहिले.