वाणात वाटलेलं पत्रक

माझ्या आईवर अन्याय झाला. यंदाच्या रथसप्तमीला, संध्याकाळी, कोपरच्या आमच्या घरात, भर हळदीकुंकवात. अन्याय करणारी मी.

कॉलेजातल्या 'एआय जबाबदारीने वापरा' मोहिमेची मी प्रमुख. (कार्यकर्तीही मीच.) पत्रकांचे गठ्ठे पडून होते, म्हणून वाण म्हणून तीच वाटायची असा मी हट्ट धरला. "प्लास्टिकचे डबे कशाला? विचार वाटू या!" बायकांनी विचार हातात घेतला, उलटा करून बघितला.

"अगं, ह्याच्यात ठेवायचं काय?" समोरच्या सावंतकाकूंनी विचारलं.

मी पेटले! आईसुद्धा विद्यार्थिनीच, नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. करते. उखाण्यांवरचा तिचा निबंध दुसऱ्या दिवशी विद्यापीठाला पाठवायचा होता. म्हटलं, होऊन जाऊ दे प्रात्यक्षिक! लिखाण माणसाचं की यंत्राचं हे सांगणाऱ्या साइटवर मी तो सगळ्यांसमोर टाकला. निकाल लाल अक्षरांत: यंत्राने लिहिलेलं.

कुंकवाचा करंडा हातात धरून आई थिजली.

"आई, हा निबंध उद्या जाणार नाही! आधी कबूल कर!"

"काय कबूल करू? सुट्ट्या घालवून लिहिलाय मी."

"मग एकही चूक कशी नाही?"

"चूक मी एकच केली," आई म्हणाली, "ती आत्ता समोर उभी आहे."

बायका खिदळल्या. मी नाही. (चळवळीत हसायचं नसतं.) सावंतकाकूंनी मात्र चष्मा लावला आणि चक्क निबंध वाचायला घेतला. हे मला सुचलंच नव्हतं! निबंधाच्या शेवटी आईने स्वच्छ लिहिलेलं: 'कुठली पुस्तकं बघावीत हे एआयला विचारलं. उखाणे आमच्या मजल्यावरच्या बायकांचे. लिखाण माझं.'

"अगं, हा तर माझा उखाणा!" काकू ओरडल्या. "भर मांडवात ह्यांचं नाव विसरलेले, तेव्हाचा! हे यंत्राला कोणी सांगितलं?"

"काकू, मशीन खोटं बोलत नाही!" मी ठणकावलं. (माझ्या पत्रकातलं पहिलंच वाक्य: 'यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.')

"मग तुझं पत्रक टाक की त्यात!"

टाकलं. छाती पुढे काढून टाकलं! शब्दन् शब्द माझा, घाम गाळून लिहिलेला: 'तरुणांनो, जागे व्हा', 'काळाची गरज', 'एकाच नाण्याच्या दोन बाजू'. निकाल: यंत्राने लिहिलेलं. तोही आईच्यापेक्षा लालभडक!

"साफ खोटारडं मशीन आहे हे!" मी किंचाळले.

"आत्ता होय? माझ्या वेळी नव्हतं?" असं म्हणून आईने मला हळदकुंकू लावलं आणि माझ्याच हातात माझंच पत्रक वाण म्हणून ठेवलं. मग आत जाऊन निबंध पाठवून दिला. उद्याची वाटही बघितली नाही.

तर प्राध्यापकांनो, पालकांनो आणि माझ्यासारख्या मोहीमप्रमुखांनो, मागणी एकच, आणि ती मान्य झालीच पाहिजे! कुणाच्याही लिखाणावर यंत्राचा शिक्का मारण्याआधी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मग लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारा.

आणि हो, हे सगळं मी स्वतः लिहिलंय. कृपया तपासू नका!