खाणीवरचं पाळणाघर

मी बी.ए. झालो तेव्हा वडिलांनी खाणीवर पेढे वाटले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील खाणीवरच्या भट्टीत छिन्न्या आणि पहारी तापवून त्यांना पुन्हा टोक काढून द्यायचे, आई खडी फोडायची. पोरगा आता फोर्टात पंख्याखाली बसणार, असं वडिलांनी धरून ठेवलं होतं. मी मात्र बोरीवलीच्या ज्या मिशनच्या शाळेत शिकलो तिथंच मास्तर म्हणून लागलो. वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "बरं. शाळा तर शाळा. खुर्ची तरी हाय ना?"

खुर्ची होती. पुढं सहा महिन्यांत तीही गेली.

शाळा खाणीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी होती. चालवणारी माणसं नगरकडची ख्रिस्ती. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. नऊवारी पातळ, पायांत पुरुषी चपला आणि आवाज असा की छडीची गरज पडत नसे. मला मुळाक्षरं त्यांनीच शिकवली, त्यामुळे मी मास्तर झालो तरी त्या मला अरे-तुरेच करत. खाणीवरची माणसं आमच्यासारखीच घाटावरच्या दुष्काळी गावांतून आलेली. पोरं शाळेत घालत, पण मिशनशी संबंध तेवढाच. "शिकवा, पन बाटवू नका," असं एका म्हाताऱ्यानं बाईंना तोंडावर सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, "आधी तुमच्या नातवाला बेचा पाढा तर येऊ दे."

त्या वर्षी सातवीत खाणीवरची एक मुलगी होती. फळ्यावर गणित करताना माझा हातचा राहिला की वर्गात पहिला तिचा आवाज यायचा, "मास्तर, एक कुठं गेला?" सातवीची फायनल पास झालेल्या मुलीला पुढं मास्तरकीचं ट्रेनिंग घेता येई. खाणीवरच्या एकाही मुलीनं तोवर ती परीक्षा दिलेली नव्हती. ही देणार, असं बाईंनी ठरवलं होतं आणि मीही.

नाताळची सुट्टी संपून शाळा उघडली आणि ती आली नाही. आठवडा गेला. बाईंनी वर्गाच्या दारातून मला हाक मारली, "चल, खाणीवर जाऊ."

ती एका बाभळीखाली बसली होती. फांदीला लुगड्याची झोळी, झोळीत चार महिन्यांचा भाऊ. तिची आई पलीकडे खडी फोडत होती. आजी सांभाळायची ती नाताळाच्या सुट्टीत वारली, एवढं कळलं. आम्ही बोलतोय तोवर लाल निशाण वर गेलं, शिट्टी झाली आणि सुरुंग उडाला. बाईंनी दोन्ही कान झाकून घेतले. झोळीतलं पोर हललंसुद्धा नाही.

"याला ऐकू येत नाही का गं?" बाईंनी विचारलं.

"येतं की. गोळी दिलीय."

अफूची गोळी. खाणीवर हे कुणाला नवीन नव्हतं. आयांना दिवसभर काम, पोर रडलं तर मुकादम ओरडणार. म्हणून सकाळी दुधाच्या बोटाबरोबर बारीकशी गोळी चाटवायची, पोर संध्याकाळपर्यंत पडून राहायचं. मुलगी बोलता बोलता झोळीत हात घालून भावाच्या नाकाखाली बोट धरत होती.

"हे काय करतेस?"

"श्वास बघते. गेल्या पावसाळ्यात शेजारचं पोर उठलंच नाही. म्हणून गोळीवरच्या पोराजवळ कुणीतरी बसायला लागतं."

आम्ही परत निघालो. शाळेच्या फाटकाशी आल्यावर बाई म्हणाल्या, "त्या नाकाखालच्या बोटाला आपण सुटी दिली पाहिजे. नाही तर आपली शाळा म्हणजे नुसत्या चार भिंती."

मिशनची समिती वांद्र्याला बसे. बाई तिथं जाऊन आल्या. समितीचं म्हणणं, आपलं काम मुलांना शिकवण्याचं, तान्ही सांभाळायचं नाही. बाईंचं म्हणणं, तान्ही सांभाळल्याशिवाय शिकवण्याचं काम होत नाही. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत करून बघा, असं ठरलं. शाळेच्या आवाराच्या टोकाला पत्र्याची एक शेड रिकामी होती. सुरुंगाचे दगड तिथवर येत नसत.

"शिपाईबाई मदतीला राहतील," बाई मला म्हणाल्या. "सातवी मी घेते. शेड तू बघायची."

"मी? बाई, मी बी.ए. आहे."

"मग बाळांना इंग्रजीत झोपव."

माझं तोंड उतरलेलं त्यांना दिसलं असावं. त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "अरे, माझ्या हातात त्या बायका मूल देतील का? तू त्यांच्यातला आहेस."

घरी सांगितल्यावर वडिलांनी ताट बाजूला सारलं. "पंधरा वर्सं शिकून पाळणा हलवायचा? ते तर तुझी आजी न शिकता करत व्हती." दुसऱ्या दिवशी मात्र भट्टीवरून त्यांनी फडक्यात बांधलेलं काहीतरी पाठवलं. आत जुन्या पहारी वाकवून केलेले लोखंडी आकडे होते, शेडच्या वाशांना झोळ्या टांगायला. निरोप एवढाच, "बी.ए.ला म्हणावं, नीट ठोक. पोरं पडतील."

पहिल्या दिवशी अकरा पोरं आली. त्यात त्या मुलीचा भाऊही होता, आणि मुलगी त्या दिवशी वर्गात जाऊन बसली. आता माझी चूक सांगतो. मी त्या बायकांपुढं उभा राहून भाषण केलं. अफू हे विष आहे, त्यानं मेंदू मंद होतो, शरीर खंगतं, वगैरे. सगळं खरं होतं. मग त्यांच्या पदराच्या गाठींतल्या गोळ्या काढून घेतल्या आणि त्यांच्यादेखत खाणीच्या डबक्यात टाकल्या. मला वाटलं, मोठं काम केलं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये उभं राहवेना. अकराच्या अकरा पोरं एका सुरात किंचाळत होती. दूध घेत नव्हती, घेतलं तर ओकत होती. हगवण लागली. हातपाय ताठ व्हायचे. शिपाईबाई आणि मी त्यांना विहिरीच्या पाण्यानं धुऊन पुसून थकलो. दुपारी आया आल्या आणि पोरांकडे बघून माझ्यावर तुटून पडल्या.

"चांगलं निजत व्हतं माझं लेकरू."

"ह्यांनी तोंडावर पाणी मारलं. बाटवायला असंच पाणी मारत्यात."

"मास्तर, तू बी त्यांच्यातच गेलास व्हय रे?"

तिसऱ्या दिवशी शेडमध्ये अकरा रिकाम्या झोळ्या लोंबत होत्या. वर्गात ती मुलगी नव्हती. मी पुस्तकं घेऊन बाभळीकडे गेलो. म्हटलं, इथंच बसून वाच, अडेल ते मी सांगतो.

"नको मास्तर," ती म्हणाली. "पुस्तकात डोळे घातले तर ह्याच्याकडं कोण बघेल? परत गोळी चालू केलीय. दोन दिवसांची एकदम दिली आईनं." तिचं बोट भावाच्या नाकाखालीच होतं. परीक्षेला अडीच महिने राहिले होते.

घरी आईला सगळं सांगितलं. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"गोळी एकदम तोडलीस?"

"मग काय करणार? विष आहे ते."

"हाय की. पर तोडत्यात का असं? मोठा गडी असला तरी लोळंल. ती तर बोटाएवढी पोरं." भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "तुला बी दिलीच व्हती."

मी तिच्याकडे बघत राहिलो.

"बघतोस काय? दीड वरीस दिली. मग कमी कमी करत आणली. आज बाजरीच्या दाण्याएवढी, चार दिसांनी त्याच्या अर्धी, मग सुईच्या टोकावर येईल तेवढी. दोन म्हयने लागले. ते दोन म्हयने मी अर्ध्याच दिसाचं काम केलं, तुझ्या बापानं बोल खाल्ले मुकादमाचे." आणि माझं तोंड बघून पुढं, "झालास ना बी.ए.? मग."

मला बी.ए.ला बरंच शिकवलं होतं, त्यात हे नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला घेऊन मोठ्या बाईंकडे गेलो. माझ्या शाळेच्या सगळ्या वर्षांत आई कधी त्या खोलीत आली नव्हती. बाईंनी खुर्ची दिली तरी ती जमिनीवरच बसली. मग बाईही खुर्ची सोडून खाली बसल्या. आईनं सगळं सांगितलं.

"म्हणजे मिशनच्या छपराखाली तान्ह्या मुलांना अफू द्यायची," बाई म्हणाल्या.

"द्यायची न्हाई, बाई. कमी करायची."

तेव्हा दारूबंदी होती, अफू तर चोरून विकली जाई. आणि बाईंच्या घरात चहासुद्धा व्यसन समजत. त्या उठल्या, सातवीचा एक तास घेऊन आल्या. मग म्हणाल्या, "आज डॉक्टरांना विचारते. ते हो म्हणाले तर डबी माझ्याकडे राहील. माप मी घेईन, चाटवीन मी. उद्या कुणी विचारलं तर माझं नाव. या मुलाचं नाही, तुमचं तर नाहीच."

ओळखीच्या डॉक्टरांनी आईचंच म्हणणं खरं धरलं आणि आठवड्यातून एकदा येऊन मुलं तपासायचं कबूल केलं.

संध्याकाळी बाई खाणीवर गेल्या. मी मागं उभा होतो. त्या मुलीच्या आईसमोर खडीच्या ढिगावर बसल्या आणि म्हणाल्या, "चूक आमची झाली. पोरांची तोंडं तुम्ही घरूनच धुऊन आणा. मळलं तर तुम्हाला हाक मारू, तुमच्यादेखत पुसू."

तिनं हातोडा खाली ठेवला नाही. "आन् गोळी?"

"गोळी आण. मी देईन, रोज थोडी कमी."

"तुमी? तुमच्या देवाला चालंल ते?"

"ते माझं आणि त्याचं मी बघून घेईन. तू पोर दे."

मुलीची आई खडी फोडत राहिली. मग म्हणाली, "देते. पर ह्याला काय झालं तर पोरगी पुन्हा शाळेला दिसायची न्हाई. आताच सांगते."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. घासाघीस केली नाही.

एक पोर आलं, मग चार, मग अकराही. आईनं खडी सोडून शेडमध्ये यायला सुरुवात केली आणि वडील आता दोघांना टोमणे मारू लागले. रोज सकाळी बाई पितळी डबी घेऊन यायच्या. आई सुईच्या टोकावर माप दाखवायची, बाई चाटवायच्या आणि प्रत्येक वेळी हात धुवायच्या. त्या वेळी त्यांचे ओठ हलत. काय म्हणत ते मी कधी विचारलं नाही.

दिवसभर आता शेडमध्ये रडणं असायचं. पहिल्यासारखं किंचाळणं नव्हे, पोरांचं साधं रडणं. भूक लागली, ओलं झालं, कुणी घ्या. मी कडेवर एक, पायानं दोन झोळ्या, असा दिवस काढायचो. खाणीवरचे गडी फाटकातून विचारायचे, "बी.ए., आज किती पास झाले?" मी म्हणायचो, "आज तिघं बसले." आणि खरंच तिघं बसू लागले होते, हात टेकून, टकामका बघत.

महिनाभरानं समितीचे एक गृहस्थ वांद्र्याहून पाहायला आले. स्वच्छ शेड बघून खूश झाले. मग डबीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे औषध का?"

औषध म्हणणं सोपं होतं.

"नाही. अफू आहे," बाई म्हणाल्या. "बसा, सांगते."

त्यांनी सगळं सांगितलं, माझ्या भाषणासकट. गृहस्थ टोपी हातात फिरवत ऐकत होते. जाताना एवढंच म्हणाले, "हे मी अहवालात कसं लिहू?" बाई म्हणाल्या, "झालं तसं लिहा." त्यांनी काय लिहिलं ते कळलं नाही, पण शेड बंद करा असं पत्र आलं नाही.

गोळी सोडायला त्या मुलीचा भाऊ सर्वांत चिवट निघाला. दोनदा ताप आला, दोन्ही वेळा त्याची आई शेडच्या दारात येऊन उभी राहिली आणि दोन्ही वेळा मला वाटलं, संपलं. माझी आई त्याला मांडीवर घेऊन बसली. मुलगी वर्गात होती. तिला सांगायचं नाही, असं तिच्या आईनंच आम्हाला बजावलं. हे मला अनपेक्षित होतं. होळीनंतर त्याची गोळी सुटली.

फायनलचं केंद्र स्टेशनजवळच्या एका शाळेत होतं. पहिल्या दिवशी सकाळी मी तिला पोचवायला निघालो. अंगावर धुतलेलं परकर-पोलकं, हातात दौत-टाक. खाणीच्या वळणावर लाल निशाण वर गेलेलं, म्हणून आम्ही थांबलो. शिट्टी झाली, सुरुंग उडाला. धुरळा खाली बसायच्या आत मागच्या शेडमधून एकदम कालवा उठला. सगळी पोरं दचकून रडायला लागली होती.

मुलगी वळली. तिचं बोट सवयीनं वर आलं, आणि हवेतच राहिलं. ती ऐकत होती. त्या सगळ्या आवाजांत एक घोगरा, रागीट आवाज मलाही ओळखू येत होता.

"उठला," ती म्हणाली.

"जाऊन बघून यायचंय का?"

तिनं बोट परकराला पुसलं. निशाण खाली आलं होतं, रस्ता मोकळा होता.

"कशाला? रडतोय ना," ती म्हणाली आणि माझ्या पुढं चालायला लागली. "चला मास्तर, पहिला पेपर गणिताचा हाय."