ऑपरेशननंतर मंदाने मला ओळखलं नाही...

मागच्या मंगळवारी सकाळी हॉस्पिटलात बायकोने मलाच विचारलं, "तुमी कोण? आमचे हे कुठी गेले?"

मंदा बहात्तरची. आमच्या कॉलनीत, सेक्टर 2 च्या क्वार्टरमध्ये दारातल्या ओट्यावरून घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं. दोन दिवस बरी होती... तिसऱ्या दिवशी तिला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, सलाईन ओढू लागली.

मी नववी शिकलेला, जन्माचा घाबरट. त्यात माझ्या पोटात एक गोष्ट होती. मोबाईलवर वाचलं होतं, फिश ऑइलच्या गोळीने अंगातली सूज उतरते, म्हातारपणी डोकं शाबूत राहतं. मंदा अंडंही खात नाही. म्हणून 'ताकदीची गोळी' सांगून महिनाभर देत होतो. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही घेतात का? मंदा शेजारीच... मी नाही म्हटलं.

आता वाटलं, हे माझ्याच हातून झालं. डबी घेऊन डॉक्टर मॅडमकडे गेलो आणि सांगता सांगता रडलो.

त्या आधी रागावल्या. अशा गोळीने रक्त पातळ होऊ शकतं, लपवायचं नसतं. मग समजावलं... हे वेड नाही, डेलिरियम आहे, म्हणजे आजारपणातला तात्पुरता भ्रम. वय, ऑपरेशन, त्यात लघवीचं इन्फेक्शन. शरीरातल्या सुजेने मेंदू गोंधळतो. तुमच्या गोळीने हे झालं नाही. अशा गोळीने डेलिरियम टळतं का, त्यावर अजून संशोधनच चालू आहे.

"काका, चष्मा कुठाय त्यांचा? कानाचं मशीन?"

दोन्ही मी चोरीच्या भीतीने घरी कपाटात कुलूप लावून ठेवलेलं! बिचारीला ना दिसत होतं, ना ऐकू येत होतं... स्कूटर काढली, घेऊन आलो. इन्फेक्शनचं औषध चालूच होतं. मी जवळ बसून सारखा बोलत राहिलो.

शुक्रवारी सकाळी तिने चष्म्यातून बघितलं. "असे कावून पाहून राहिले? दाढी तं करा!"

मग गोळीचंही सांगून टाकलं. "मले मासोळी चारली? महिनाभर?" भेटायला आलेली आमची मुलगी तोंडाला पदर लावून हसत होती.

तेव्हापासून मंदा माझ्याशी बोलत नाही. पण कोणाशी बोलायचं नाही, हे तिला पक्कं आठवतं... देवाचे आणि मॅडमचे उपकार.