मोटरहोमच्या फिल्टरला जास्तीचं तेल

सकाळी पावणेनऊला फोन आला. निवृत्त हेडमास्तर रामटेके सर पत्नीला घेऊन त्यांच्या मोटरहोममधून, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीतून, नागपूरला निघाले होते. त्या गाडीच्या इंजिनाचं काम आदल्या दिवशी माझ्या गॅरेजमध्ये झालं होतं.

"दिलीप, गाडी चाळीसच्या वर जाऊन नाई राह्यली. पिवळा लाइट लागला. मागून काळा धूर निघून राह्यला."

"कुठं हाये सर तुमी?"

"टोलनाक्याच्या पुढं. पैनगंगेचा पूल यायचा हाये."

"इंजिन बंद करा. आत्ता."

"बंद कसं करू? हिची ऑक्सिजनची मशीन चालू हाये."

"ते आतल्या बॅटरीवर चालंल. पयले इंजिन बंद करा."

सरांच्या पत्नीला, काकूंना, फुप्फुसाचा जुना आजार आहे. नाकाला नळी लावून मशीनमधून ऑक्सिजन घ्यावा लागतो. त्यांना फार वेळ बसवत नाही. दोघांनी भारत फिरायचा म्हणून निवृत्तीनंतर जुनी मोटरहोम घेतली होती. आता तिच्यातला बेड दवाखान्याच्या फेऱ्यांना उपयोगी पडत होता. त्या दिवशी नागपूरच्या डॉक्टरांनी काकूंना दुपारी दोनच्या आत भरती व्हायला सांगितलं होतं.

मागच्या फेरीत गाडी चढावर दमली होती. कारण सोपं होतं. बॉडी बांधणाऱ्याने पुढे एसीचा कंप्रेसर बसवताना हवा आत यायची वाट अडवली होती, त्यामुळे इंजिन स्वतःचीच गरम हवा ओढत होतं. गरम हवा विरळ असते. तिच्यात ऑक्सिजन कमी, म्हणून ताकद कमी. सरांनी ऑनलाइन कोल्ड एअर इनटेकचं किट मागवलं. म्हणजे मोठा फिल्टर आणि रुंद पाइप, बंपरच्या बाजूची थंड हवा घेणारा. ते मी बसवलं. पाइप नीट बसला, क्लॅम्प घट्ट झाले. चूक फिल्टरला तेल देताना झाली.

या फिल्टरची जाळी सुती असते. तिला हलका तेलाचा हात द्यायचा, म्हणजे धूळ चिकटून राहते. किटमध्ये छोटी बाटली होती. माझी वीस वर्षं ट्रॅक्टरवर गेली. जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरमध्ये खाली तेलाची वाटी असते. ती खुणेपर्यंत भरायची. तेल कमी पडलं की धूळ आत जाते आणि इंजिन खराब होतं. आमच्याकडे तेल कमी ठेवणारा मेकॅनिक वाईट समजला जातो. शिवाय कापसाचा हंगाम होता, रस्त्याभर जिनिंगची रुई उडत होती. मला बाटली अपुरी वाटली. ती पूर्ण ओतली आणि वरून आमचं इंजिन ऑइलही दिलं. गावात दोन किलोमीटर गाडी फिरवली. उत्तम चालली. हायवेच्या वेगाला हवेचा ओढा वाढला आणि जास्तीचं तेल जाळीतून सुटून पुढे गेलं.

फोन ठेवला तेव्हा हे सगळं मला एकदम समजलं. भीती वेगळीच होती. डिझेल इंजिनाला तेलही इंधन म्हणून चालतं. हवेच्या पाइपातून पुरेसं तेल आत गेलं, तर चावी काढूनही इंजिन थांबत नाही. वेग वाढत जातो आणि शेवटी इंजिन फुटतं. त्या इंजिनाच्या मागे चार फुटांवर काकूंचा बेड होता.

आदल्या दिवशी काढलेला कंपनीचा जुना एअर बॉक्स, म्हणजे मूळ फिल्टरचा डबा, पोत्यात घातला. स्कॅनर, पाने आणि इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट साफ करायचा स्प्रे घेऊन मोटरसायकल काढली. पंचवीस मिनिटं लागली.

सर रस्त्याच्या कडेला उभे होते. "अॅम्ब्युलन्सले फोन केला. निघाली म्हणते. बॅटरी अर्ध्याच्या खाली आली. छोटं सिलिंडर हाये, पण तासभरच पुरते."

"चूक माझी हाये सर. तेल जास्त झालं."

"ते मंग पाहू. अगोदर हात चालव."

पाइप उघडला. आत बोट फिरवलं. तेलाचा थर होता, पण साचलेलं नव्हतं. इंजिनाकडचा जोड सोडला, तिथं जवळपास कोरडं होतं. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

धुराचं कारण सेन्सर होता. पाइपमध्ये एक बारीक तापलेला भाग असतो, तो आत येणारी हवा मोजतो. त्या मापावर डिझेल किती सोडायचं ते ठरतं. त्यावर तेल चढलं की माप चुकतं. गाडीचा कॉम्प्युटर मग स्वतःच ताकद कापतो. याला लिंप मोड म्हणतात, लंगडत घरी पोचण्यापुरती चाल. सेन्सर कापडाने पुसला तर तुटतो. लांबून स्प्रे मारायचा आणि वाळेपर्यंत थांबायचं. ओला असताना लावला तर जळतो.

मी जुना बॉक्स बसवला, सेन्सर साफ केला आणि तो हातात धरून उभा राहिलो. आत मशीन बीप देऊ लागली.

"बॅटरी संपून राह्यली," सर म्हणाले. "लाव ना बाबा."

"पाच मिनिटं सर."

"पाच मिनिटं, पाच मिनिटं! काऊन थांबला?"

सरांनी नळी काढून सिलिंडरला जोडली. दारातून काकूंचा आवाज आला, प्रत्येक शब्दामागे थांबत. "त्याच्यावर... वरडू नका. त्याले... माह्यापेक्षा जास्त धाप लागली हाये."

पाच मिनिटं पूर्ण झाल्यावर सेन्सर लावला. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे जुने कोड स्कॅनरने पुसले. सरांना स्टिअरिंगवर बसवलं. मी जाड फळी घेऊन पुढे उभा राहिलो. इंजिन पळालंच, तर हवेचं तोंड दाबून ते थांबवायचं होतं. त्यांनी चावी फिरवली. इंजिन लागलं. थोडा निळसर धूर आला आणि विरला. अॅक्सिलरेटरबरोबर स्कॅनरवर हवेचा आकडा चढला, सोडल्यावर उतरला. फळी खाली ठेवली. बॅटरी चार्ज घेऊ लागली.

अॅम्ब्युलन्स नंतर आठ मिनिटांनी आली. काकूंनी बेड बदलायला नकार दिला. अॅम्ब्युलन्सवाल्याने त्यांचा ऑक्सिजन तपासला, ठीक आहे म्हणून मान हलवली आणि पुलापर्यंत मागून येतो म्हणाला. दीड वाजता सरांचा फोन आला. भरती झाली होती.

काकू दहा दिवसांनी घरी आल्या. पुढच्या महिन्यात सर तेच किट घेऊन गॅरेजमध्ये आले. मी फिल्टर धुऊन वाळवला, बाटलीतलं मोजकंच तेल लावलं आणि रात्रभर निथळत ठेवला. गावात फिरवून गाडीचं काही कळत नाही. ती ज्या वेगाने, जेवढं वजन घेऊन जाणार, तशीच चालवून पाहावी लागते, हे मला तेव्हा पटलं. सरांना म्हणालो, पैनगंगेपर्यंत नेऊन आणतो.

काकू गाडीत येऊन बेडवर आडव्या झाल्या.

"तुमी कायले काकू? ट्रायल हाये हे."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "मी मागं असली की तू बरोबर चालवशीन."

त्यानंतर टेस्ट ड्राइव्हला इतकी कडक अट मला कुणी घातलेली नाही.