गुरुजींच्या नावावरचा डीजे

प्रत्येक माणूस या पृथ्वीतलावर एकमेवाद्वितीय असतो; त्याच्यासारखा दुसरा झाला नाही, होणार नाही. हे वाक्य नारायण गुरुजी निरोप समारंभात म्हणत, शोकसभेत म्हणत, आणि एकदा आमच्या कॉलनीच्या बोअरवेलच्या उद्‌घाटनालाही म्हणाले. म्हणताना उजव्या हाताची तर्जनी वर जायची, आणि वाक्य संपलं तरी थोडा वेळ तिथंच राहायची. या सिद्धांताला एक अपवाद खुद्द गुरुजींच्या गावात डीजे वाजवत हिंडतो आहे, हे पुढं एका फायनान्स कंपनीच्या कृपेनं सिद्ध झालं.

गुरुजी पडेगावला माझ्या शेजारी राहत. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, पण निवृत्ती ही गोष्ट त्यांनी फक्त पगाराच्या बाबतीत मान्य केली होती. सकाळी कचऱ्याची गाडी यायची तेव्हा ते फाटकात हजेरी घेतल्यासारखे उभे असत. पहिल्या भेटीत त्यांनी मला नाव, हुद्दा, शाळा आणि मिळालेले पुरस्कार या क्रमानं स्वतःची माहिती दिली. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो म्हटल्यावर म्हणाले, "छान. म्हणजे आपण शांततेचे पुजारी." तेव्हापासून मी 'ग्रंथपालसाहेब' झालो, आणि बोलायचं काम त्यांच्याकडे गेलं.

त्यांच्याकडे दोन भाषा होत्या. एक छापील, सभेत आणि परक्यांशी बोलायची. दुसरी दौलताबादच्या पलीकडच्या त्यांच्या गावची. राग आला की पहिली भाषा पायातल्या चपलेसारखी सुटायची आणि दुसरी अनवाणी धावत यायची. वडील मेंढरं राखत. घराण्यात दहावी पास होणारे गुरुजी पहिले. ते हेही भाषणात सांगत, पण तेव्हा बोट वर जात नसे. म्हणून ते खरं वाटायचं.

त्यांची धाकटी मुलगी विद्या. तिला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. कॉलेज खासगी, फी डोळे पांढरे करणारी. बँक शैक्षणिक कर्ज द्यायला तयार होती. सहकर्जदार म्हणून पेन्शनधारक वडील. कागद झाले, सह्या झाल्या, आणि मग बँकेतल्या साहेबांनी संगणकाकडं बघून मान हलवली. गुरुजींचा क्रेडिट स्कोअर रसातळाला होता. त्यांच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं जुनं कर्ज थकलेलं दिसत होतं.

ज्या माणसानं आयुष्यात शेजाऱ्याकडून शिडीसुद्धा उसनी आणली नाही, त्याला हे ऐकावं लागलं. मी त्यांना स्कूटरवर बसवून क्रांती चौकाजवळच्या त्या कंपनीत घेऊन गेलो. तिसरा मजला, हाडं गोठवणारा एसी, भिंतीवर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र. चित्रातलं कुटुंब कर्ज घेतल्यामुळं हसत होतं. टेबलामागं टाय लावलेला एक तरुण बसला होता. त्याच्या पाटीवर 'रिलेशनशिप मॅनेजर' असं लिहिलं होतं.

"सर, आपलं डीजे साउंडचं लोन थकीत आहे," तो म्हणाला.

"डीजे? माझा?"

"सिस्टिममध्ये आपलंच नाव दाखवतंय, सर."

"बाळा, मी जन्मभर पोरांना 'शांत बसा' म्हणत आलो. मी डीजे कशाला घेईन?"

त्यानं पुन्हा पडद्याकडं पाहिलं. "सर, तसा ऑप्शन नाही सिस्टिममध्ये."

गुरुजींनी मग त्याला नाव, हुद्दा, शाळा आणि पुरस्कार सांगितले. तरुणानं ते अदबीनं ऐकून घेतलं आणि कंपनीच्या पत्त्यावर मेल करायला सांगितलं. मेल केला. उत्तर ताबडतोब आलं: आपली तक्रार आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे. काही आठवड्यांनी दुसरं आलं: आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे. कोणाचं समाधान झालं होतं, ते लिहिलं नव्हतं. कर्ज होतं तिथंच होतं. आम्ही पुन्हा मेल केला. पुन्हा महत्त्वाची, पुन्हा निवारण. एखाद्या माणसाला खोटं बोलताना निदान थोडी लाज वाटते. यंत्राकडून खोटं वदवून घ्यायची सोय झाल्यापासून कंपन्यांचा तेवढाही खर्च वाचला आहे.

डीजे कोणाचा, हे गुरुजींना जिना उतरतानाच कळलं होतं. गावात आडनाव एकच. ते मी सांगत नाही, उगाच आणखी कोणाचा स्कोअर पडायचा. गावचं दैवत खंडोबा, त्यामुळं दर तिसऱ्या घरात एक मल्हारी. अशा दोन मल्हारींच्या पोरांची नावं नारायण. एक आमचे गुरुजी. दुसरा त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान, त्यांचाच विद्यार्थी. त्यानं लग्नात वाजवायला डीजे घेतला, करोनात लग्नं बंद पडली, हप्ते थकले. कंपनीच्या कागदावर पॅनचा रकाना कोरा होता. मग नाव, बाप, गाव जुळवून कोणीतरी ते कर्ज ज्याचा पॅन सापडला त्याच्या गळ्यात बांधलं.

"माझा बाप शे-दोनशे मेंढरं तोंडावरून वळखायचा," गुरुजी स्कूटरवर मागून ओरडत होते. "कळपात दुसऱ्याचं एक घुसलं तर अंधारात सांगायचा. आन् ह्यांना दोन माणसं वळखू येत नाय! एसीत बसत्यात भाडखाऊ!"

बाबा पेट्रोल पंपापाशी सिग्नलला थांबलेल्या लोकांनी माझ्याकडं पाहिलं.

घरी गुरुजींच्या पत्नी गोदाकाकूंनी सगळं ऐकलं आणि पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. "आधी पोरीची फी. मंग तुमची अब्रू." सोनं तारण ठेवताना कोणी स्कोअर विचारत नाही, सोन्याचा चेहरा सगळ्यांना ओळखू येतो. पहिल्या वर्षाची फी त्यातून गेली. दुसऱ्या वर्षासाठी काढायला काकूंच्या अंगावर काही उरलं नव्हतं. पुढच्या जूनपर्यंत नाव स्वच्छ झालं नाही, तर विद्याला घरी बसावं लागणार होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. विद्या तर अभ्यासाची पुस्तकंसुद्धा विकत न घेता झेरॉक्स काढायची. शिक्षण मध्येच सुटलं तर पैसे वाया नकोत, म्हणून.

वकिलांकडं गेलो. एकानं फी सांगितली, ती ऐकून गुरुजी म्हणाले, "एवढ्यात तर मीच डीजे घेतला असता." दुसऱ्यानं फी सांगायच्या आधी खुर्चीमागच्या जाड पुस्तकांकडं बोट दाखवलं. ग्रंथपाल असल्यामुळं मला दिसलं की त्यांतली निम्मी कधी उघडलेलीच नाहीत. मग कळलं की ग्राहक आयोगात माणसाला स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. गुरुजींचा चेहरा उजळला. त्यांना फक्त श्रोते मिळाले असं नव्हतं. श्रोत्यांना उठून जाता येणार नाही, अशी जागा मिळाली होती.

तक्रार त्यांनी स्वतः लिहिली. तिची सुरुवात 'मानवी जीवनात नावाचे माहात्म्य अनन्यसाधारण आहे' अशी होती, आणि कंपनीचा उल्लेख चौथ्या पानावर येत होता. आयोगाच्या कार्यालयातल्या बाईंनी दोन पानं वाचून चष्मा काढला. "गुरुजी, निबंध छान आहे. पण काय झालं ते लिहा ना." माहात्म्य गेलं. मी कापत गेलो, ते हळहळत गेले. शेवटी एक वाक्य त्यांनी हट्टानं ठेवलं: माझ्या नावावर डीजे आहे आणि तो माझा नाही.

तारखा पडू लागल्या. पुकारा झाला की गुरुजी इस्त्रीच्या सदऱ्यात ताठ उभे राहून म्हणत, "तक्रारदार स्वतः!" शिपायाला वाटायचं झेंडावंदन आहे. कंपनीचे वकील कधी यायचे, कधी नाही. आले की मुदत मागायचे, इतक्या गंभीरपणे, की मुदत हीच त्यांच्या अशिलाची मुख्य मागणी असावी. हिवाळा गेला. फेब्रुवारीत त्यांचं लेखी उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की दोन भिन्न व्यक्तींचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, शिवाय जन्माचा दिवस आणि महिनाही एकच असणं ही अशक्य कोटीतली गोष्ट आहे. दोघेही एक जूनचे आहेत. जन्मसाल तेवढं वेगळं दिसतं, ती टंकलेखनातली चूक असावी.

"वीस वर्षांची टंकलेखनातली चूक?" मी म्हणालो.

गुरुजी हसले नाहीत. त्यांचं बोट कागदावरच्या 'एक जून'वरच टेकलेलं होतं. हे मला तेव्हा विचित्र वाटलं.

दुसऱ्या नारायणला उभं करणं एवढाच उपाय होता. आम्ही गावाला गेलो. नारायण अंगणात स्पीकरच्या खोक्यांवर ताडपत्री बांधत होता. गुरुजींना बघून त्यानं हातातली विडी खिशात घातली, पेटलेली.

"गुरुजी, म्या आलो तर मलाच धरतील की ते लोक!"

"कसे धरतील? त्यांच्या लेखी तू नाहीसच."

"आँ? मंग बरं हाय की. कशाला जागं करता?"

"तुझ्या नावाचं ओझं विद्याच्या डोक्यावर आहे, नारायण."

नारायण खाली बघत राहिला. खिशातून धूर येत होता. गुरुजींचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "उभा राहा!" नारायण उभाच होता. तरी तो आणखी उभा राहिला. "येतो," म्हणाला.

सुनावणीला तो लाल टी-शर्ट घालून आला. पाठीवर त्याच्या डीजेचं नाव छापलेलं. वकिलांनी त्याच्याकडं न बघता आयोगाला सांगितलं की ही व्यक्ती ऐनवेळी उभी केलेली आहे. अध्यक्षबाईंनी त्यालाच विचारलं, "कर्ज तुम्ही घेतलं होतं?"

"व्हय मॅडम. फोटू बी काढला व्हता ह्यांनी माझा. डीजेसंगट."

"जन्मतारीख काय तुमची?"

"एक जून."

"नक्की?"

"आता नक्की म्हंजी... माय म्हणायची, बाजरी काढायला आलती तव्हा झाला तू. शाळेत घालाया नेलं तर गुरुजींनी इचारलं, हात डोक्यावरून फिरव, कान धर. धरला. म्हणले बसला सहा वर्षांचा. लिवली एक जून. आमच्या वर्गात समदेच एक जूनचे हायेत मॅडम, एका दिसात जन्मले."

"कोणत्या गुरुजींनी?"

नारायणनं अदबीनं हात केला. "हे काय, उभे हायेत की."

मागं कोणीतरी हसलं. वकील तर सगळ्यात मोठ्यानं हसले. "म्हणजे गोंधळ तक्रारदारांनीच केला आहे. आमच्या अशिलानं नाही!" समोर अध्यक्षबाई काहीतरी लिहून घेत होत्या, आणि जून तीन महिन्यांवर होता.

गुरुजी बोलले ते छापील भाषेत नव्हे.

"व्हय, म्याच लिवली. शाळा जूनमधी सुरू व्हती, म्हणून एक जून. माझी बी माझ्या गुरुजींनी तशीच लिवली. पण मॅडम, तारीख लिवताना म्या पोरगं समोर उभं केलं. त्याचा हात बघितला, कान बघितला, तोंड बघितलं. तारीख म्या दिली, कर्ज ह्यांनी दिलं. ह्यांनी काय बघितलं? फोटू काढला, त्यो बी बघितला नाय. बघितला असता तर त्या फोटूत म्या हाय का, हे आंधळ्याला बी कळलं असतं."

बोट वर गेलं नव्हतं. अध्यक्षबाईंनी वकिलांना फोटो दाखवायला सांगितलं. वकिलांनी मुदत मागितली. मिळाली नाही. फाईल त्यांच्याच बॅगेत होती. फोटोतला माणूस काळ्या चष्म्यात दोन स्पीकरच्या मध्ये उभा होता.

आदेश मे महिन्यात आला. कंपनीनं नोंद दुरुस्त करावी, नुकसानभरपाई आणि खर्च द्यावा. विद्याचं कर्ज मंजूर झालं, काकूंच्या पाटल्या सुटल्या. गुरुजींनी कॉलनीत पेढे वाटले आणि फाटकात भाषण केलं. एकमेवाद्वितीय हा शब्द त्यात होता, पण म्हणताना ते किंचित अडखळले, असं मला वाटलं. शेजारधर्म म्हणून मी ते कोणाला सांगितलं नाही.

विद्या शेवटच्या वर्षाला असताना गुरुजी गेले. सकाळी फाटकात उभे होते, कचऱ्याची गाडी यायच्या आधी खाली बसले. शोकसभेत एका निवृत्त अधिकाऱ्यानं त्यांचंच वाक्य त्यांच्यासाठी वापरलं, बोट वर करून. गावाहून नारायण आला होता. तो कोपऱ्यात उभा होता. खुर्ची दिली तरी बसला नाही.

पुढच्या एक जूनला गुरुजींच्या फोनवर त्याच कंपनीचा संदेश आला. काकूंनी मला वाचायला दिला: आदरणीय नारायणजी, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपला उत्तम व्यवहार पाहून आपल्यासाठी कर्ज आधीच मंजूर केलं आहे. मी नारायणला फोन करून, गंमत म्हणून, हे सांगितलं. तो म्हणाला, त्यालाही तोच आला आहे. आयोगाचा आदेश पाळताना कंपनीनं ते थकलेलं कर्ज कोणाच्याच नावावर ठेवलं नव्हतं. नारायणनं अर्ज केला, तो मंजूर झाला. नवे स्पीकर जुन्यांपेक्षा मोठे आहेत.